प्रथिनांच्या डब्यावर ‘केव्हा’ आणि ‘कशाबरोबर’ हेही छापा

प्रति,
प्रथिन पावडरींचे उत्पादक, आणि त्यांच्या वेष्टनांवरील दाव्यांना मान्यता देणारे अन्न-नियामक अधिकारी यांस

विषय : कुपोषणातून सावरणाऱ्या रुग्णांची त्वचा आणि प्रथिनपूरकांवरील मजकूर

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

मी आहारतज्ज्ञ आहे. गेली २२ वर्षे तीव्र कुपोषित मुलांच्या वॉर्डात काम करते आहे आणि अलीकडे दीर्घ आजारातून उठलेल्या प्रौढांचा आहारही पाहते. आपल्यापैकी काही जण प्रथिन पावडरी बनवतात, काही जण त्यांच्या डब्यांवरच्या शब्दांना मान्यता देतात. ‘निरोगी त्वचेसाठी’, ‘झीज भरून काढते’ हे शब्द उपासमारीने खंगलेल्या माणसाच्या घरी पोहोचतात तेव्हा काय घडते, हे मी जवळून पाहिले आहे. ते आपल्या कानी घालावे आणि काही ठोस मागण्या कराव्यात, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

वॉर्डातल्या एका खाटेखालच्या पिशवीत मला असा एक डबा सापडला. खाटेवर दीड वर्षाचे, सात किलोचे बाळ होते. पावलांवर आणि हातांवर सूज होती. पोटऱ्यांवर आणि जांघेत कातडी काळपट पडून, जुन्या भिंतीचे पोपडे सुटावेत तशी सुटत होती. पोपड्यांखालचा भाग लाल आणि ओलसर होता. तिथे कापडाचा स्पर्श झाला तरी बाळ कळवळायचे, म्हणून आम्ही त्याचे लंगोट काढून ठेवले होते आणि उघड्या जागेवर व्हॅसलीनची जाळी अंथरत होतो. बाळ दाखल होऊन पाच दिवस झाले होते. सूज उतरायला लागली होती आणि आदल्या दिवशी त्याने पहिल्यांदा मान वळवून आईकडे पाहिले होते. आमच्या लेखी ही सुधारणा होती. पण सूज उतरताना ताणलेली कातडी सैल पडते आणि पोपडे आधीपेक्षा जास्त निघतात. त्याच्या आजीला दिसत होते ते एवढेच, की दवाखान्यात आणल्यापासून नातू अधिकच सोलून निघतो आहे आणि आम्ही दर तीन तासांनी वाटीभर पातळ दूध पाजण्यापलीकडे काही करत नाही. कातडी प्रथिनांची बनते असे तिला कुणीतरी सांगितले, आणि डबा आला. दोन रात्री ती त्या दुधात पावडरीचा एकेक मापाचा चमचा ढवळून नातवाला पाजत होती. तिसऱ्या सकाळी बाळाला जुलाब लागलेले होते, ते निपचित पडले होते आणि उतरलेली सूज पुन्हा पायांवर चढली होती.

बाळ वाचले, पण पहिल्या टप्प्यावर परत जाऊन सारे नव्याने सुरू करावे लागले. हे सगळे त्या पावडरीनेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण अशा बाळाला जुलाब व्हायला आणखी चार कारणे असतात. सूज उतरताना कातडी जास्त सुटते आणि ते चांगले लक्षण आहे, हे पहिल्याच दिवशी आजीला समजावून सांगणे माझे काम होते. ते मी केले नाही, याची खंत मला आजही आहे. पण आजीने डबा उलटसुलट करून, मुलीकडून त्यावरचा बारीक मजकूर वाचून घेतला होता. तिला थांबवील असा एकही शब्द त्यावर नव्हता.

त्या एका चमच्याचा हिशेब करून पाहा. दाखल झालेल्या मुलाला आम्ही सुरुवातीला जे दूध देतो त्याला एफ-७५ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ते जगभर वापरले जाते. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी ऊर्जा असते आणि प्रथिने असतात जेमतेम ०.९ ग्रॅम. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १३० मिलिलिटर, आणि सूज फार असेल तर १०० मिलिलिटर, असे ते मोजून द्यायचे असते. म्हणजे सात किलोच्या बाळाला दिवसभरात फार तर आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. बाजारातल्या बहुतेक पावडरींच्या मापाच्या एका चमच्यात २० ते २४ ग्रॅम असतात. आजीने प्रेमापोटी रात्रीतून दिलेला तो एक चमचा बाळाच्या अडीच ते तीन दिवसांच्या प्रथिनांएवढा होता.

एवढी कमी प्रथिने आम्ही हात आखडून देत नाही. उपासमारीत शरीर आपले सगळे व्यवहार मंद करते. यकृतात चरबी साचलेली असते, मूत्रपिंडांची गाळण्याची ताकद घटलेली असते, हृदय दुबळे झालेले असते. पेशींमधले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम निसटलेले असते आणि त्यांच्या जागी सोडियम शिरलेले असते. शिवाय अमिनो आम्लांपासून प्रथिन विणणे हे महागडे काम आहे. साखळीतली प्रत्येक कडी जोडायला पेशीला एटीपीच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या, चार रेणूंइतकी ऊर्जा खर्चावी लागते. ती ऊर्जा नसेल तर आलेली अमिनो आम्ले बांधकामाला न लागता जळून जातात, त्यांच्यातल्या नायट्रोजनचा युरिया करण्याचा बोजा आधीच थकलेल्या यकृतावर पडतो आणि तो बाहेर टाकण्याचा बोजा मूत्रपिंडांवर. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक आढावा प्रसिद्ध झाला होता. तीव्र कुपोषणाने दाखल झालेल्या मुलांचे मृत्यूचे प्रमाण १९५० च्या दशकापासून २० ते ३० टक्क्यांवरच का अडकून राहिले, असा त्याचा प्रश्न होता. उत्तरात औषधांच्या तुटवड्यापेक्षा चुकीच्या उपचारांवर बोट ठेवलेले होते, आणि त्या चुकांमध्ये एक ठळक चूक अशी होती : पहिल्या टप्प्यातच प्रथिने, ऊर्जा आणि सोडियम गरजेपेक्षा जास्त, आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये गरजेपेक्षा कमी. हे प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या हातून घडत होते. मग एका आजीला काय बोल लावायचा?

भूक परत येते, सूज उतरू लागते, तेव्हा चित्र पालटते. मग आम्ही हळूहळू एफ-१०० कडे जातो, ज्यात १०० मिलिलिटरमागे २.९ ग्रॅम प्रथिने असतात. दुरुस्तीच्या त्या काळात मूल दिवसाला किलोमागे चार ते सहा ग्रॅम प्रथिने आनंदाने पचवते, आणि ती त्याला हवीच असतात. मात्र त्यांच्या जोडीला किलोमागे १५० ते २२० किलोकॅलरी ऊर्जा जात असते. या भरघोस टप्प्यातसुद्धा एकूण ऊर्जेचा जेमतेम आठवा हिस्सा प्रथिनांतून येतो. घरी न्यायच्या तयार उपचारात्मक आहाराचेही, ज्याची पाकिटे मुले चोखून खातात, प्रमाण असेच बांधून दिलेले आहे : ऊर्जेच्या १० ते १२ टक्के प्रथिनांतून, ४५ ते ६० टक्के स्निग्धांशातून. आपल्या डब्यांतल्या अनेक पावडरींमध्ये ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून मोठा वाटा एकट्या प्रथिनांचा असतो. कुपोषितांसाठी पुरत्या विचाराने तयार केलेले अन्न आणि आपली पावडर यांत केवढे अंतर आहे, ते या आकड्यांवरूनच दिसते.

प्रथिनांवर सारी भिस्त ठेवण्याची चूक नवी नाही, आणि तिची सुरुवात त्वचेपासूनच झाली होती. सिसिली विल्यम्स या डॉक्टर तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करत होत्या. सूज, चिडचिड आणि काळपट होऊन सोलणारी कातडी असलेली मुले त्यांनी पाहिली आणि १९३३ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन वर्षांनी त्यांनी या आजाराचे स्थानिक गा भाषेतले नाव जगाला सांगितले : क्वाशिओरकोर, धाकटे भावंड आल्यावर आईपासून दूर झालेल्या बाळाला होणारा आजार. मराठीत आपण त्याला सुजवटी म्हणतो. हा पेलाग्राच, म्हणजे नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजारच आहे, असे म्हणून काही तज्ज्ञांनी त्यांना विरोध केला. पेलाग्रातही कातडी काळवंडते आणि सोलते. पण पेलाग्राचे डाग उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागांवर उमटतात आणि या मुलांचे डाग तसे नव्हते, हे विल्यम्स यांनी नेमके टिपले होते. एका बाईने मुलांची कातडी नीट निरखून पाहिली म्हणून हा आजार ओळखला गेला, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

पुढे गाडी एकाच रुळावर गेली. आहारात प्रथिनांची कमतरता आहे, ती भरून काढा, असे सूत्र ठरले. १९५५ मध्ये जागतिक पातळीवर प्रथिनांसाठी स्वतंत्र सल्लागार गट स्थापन झाला आणि पुढची दोन दशके पैसा आणि संशोधन प्रथिनयुक्त पूरकांकडे वळले. भारतीय पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी १९६८ मध्ये दाखवले, की सुजवटी झालेली मुले आणि सुकटी झालेली, म्हणजे सूज नसून नुसती वाळलेली मुले जवळजवळ सारखाच आहार घेत होती. डोनाल्ड मॅक्लारेन यांनी १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रथिनांच्या या मोहिमेवर कठोर टीका केली. आणि १९८० मध्ये मायकेल गोल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की कमी प्रथिनांच्या आहारावरही मुलांची सूज उतरते आणि ती उतरत असताना रक्तातल्या अल्ब्युमिन या मुख्य प्रथिनामध्ये लक्षणीय वाढ झालेली नसते. ज्या मार्गावरून वैद्यकशास्त्र इतक्या कष्टाने माघारी फिरले, त्यावर आज डब्यांवरचा मजकूर सामान्य माणसाला पुन्हा घेऊन जातो आहे.

प्रौढांबाबतही असाच धडा नोंदला गेला आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांची कातडी कोरडी, खरखरीत आणि खवल्यांची झाली, केसांच्या मुळांशी काट्यासारखे उंचवटे आले, काहींच्या तोंडाभोवती आणि डोळ्यांभोवती तपकिरी छटा उमटली. मग त्यांना पुन्हा नीट खायला देताना चार गट केले गेले, प्रत्येक गटाला वेगवेगळी ऊर्जा दिली गेली आणि प्रत्येक गटातल्या काहींना वरून प्रथिने, काहींना जीवनसत्त्वे दिली गेली. माणसे किती लवकर सावरली हे मुख्यतः एकूण किती ऊर्जा मिळाली यावर अवलंबून होते. वरून दिलेल्या प्रथिनांनी फारसा फरक पडला नाही. आपल्या डब्यांवर विज्ञानाचे दाखले छापले जातात, त्यांत हा दाखला मी कधी पाहिला नाही.

आता खुद्द त्वचेकडे येते, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. त्वचेच्या कोरड्या वजनात तीन-चतुर्थांशाच्या आसपास कोलाजेन असते आणि वरच्या थरात केराटिन, दोन्ही प्रथिनेच. ‘त्वचा प्रथिनांची बनते’ हे वाक्य म्हणून खरे आहे, पण त्यातून डब्यावर काढलेला निष्कर्ष खरा नाही. कोलाजेनच्या साखळीतले प्रोलीन आणि लायसीन क जीवनसत्त्वाशिवाय पक्के होत नाहीत, आणि साखळ्या एकमेकींना बांधणारे विकर (एन्झाइम) तांब्यावाचून चालत नाही. बाह्यत्वचेतल्या पेशी सतत विभागून खालून वर सरकत असतात, आणि विभागणाऱ्या प्रत्येक पेशीला झिंक लागते. पेशींच्या विटांमध्ये जो चुना भरलेला असतो तो प्रथिनांचा नसतो, स्निग्ध पदार्थांचा असतो. त्यात लिनोलेइक आम्लाची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. बर दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांना स्निग्धांशाशिवाय, बाकी सगळे पुरेसे असलेला आहार दिला, तेव्हा त्यांची कातडी खवल्यांची झाली. त्या आहारात प्रथिनांना तोटा नव्हता.

झिंकबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण वॉर्डात त्याचा परिणाम मी बोटांनी अनुभवला आहे. क्वाशिओरकोरमधली फाटलेली कातडी झिंक मिळाल्यावर भरून येते, हे गोल्डन यांच्याच गटाने १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते. आम्ही मुलांना आहारातून झिंक देतो आणि जांघेतल्या, कानामागच्या कच्च्या जागांवर झिंकचे मलम लावतो. चार-पाच दिवसांत ओल सुकते. मग कडेने एक पातळ, फिकट, चकचकीत पापुद्रा आत सरकत येतो; त्याला हात लावला तर तो ओल्या कागदासारखा नाजूक लागतो. काही आठवड्यांत त्याच्यावर रंग परततो. केसांना मात्र वेळ लागतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. उपासमारीच्या काळात उगवलेला फिकट पट्टा आणि त्याच्या मुळाशी पुन्हा काळा झालेला भाग असे दोन रंग एकाच केसावर कितीतरी महिने दिसत राहतात. मुले पुन्हा तपासणीला येतात तेव्हा मी आधी तो पट्टा कुठवर खाली गेला ते पाहते.

म्हणून युरोपीय संघाच्या यादीकडे मी नियामकांचे लक्ष वेधू इच्छिते. अन्नावर कोणते आरोग्यविषयक दावे करता येतील हे ठरवणारा त्यांचा नियम २०१२ चा आहे. त्यात प्रथिनांना स्नायूंविषयी आणि हाडांविषयी दावा मंजूर आहे, त्वचेविषयी नाही. सामान्य त्वचा टिकवण्यास हातभार लागतो असा दावा मंजूर आहे तो झिंक, अ जीवनसत्त्व, नायासिन, रायबोफ्लेविन, बायोटिन आणि आयोडिन यांना. त्वचेतल्या कोलाजेनसाठी क जीवनसत्त्वाला, त्वचेच्या रंगासाठी तांब्याला. म्हणजे पुराव्यांची छाननी करणाऱ्यांनी हा फरक ओळखलेला आहे. तो इतरत्र का ओळखला जात नाही? पुष्कळ उत्पादक पावडरीत चिमूटभर झिंक घालतात आणि त्या बळावर डब्याच्या दर्शनी भागावर ‘त्वचेसाठी प्रथिने’ असे लिहितात. श्रेय ज्याचे त्याच्या नावावर असावे, एवढी तरी अपेक्षा गैर नसावी.

प्रौढ रुग्णांच्या बाबतीत चूक उलट्या बाजूने होते. लांबलेल्या आजारानंतर अंथरुणाला खिळलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. माकडहाडापाशी बेडसोअर होता, तळहाताएवढा, आणि त्याच्या कडा अनेक आठवडे जागच्या हलल्या नव्हत्या. घरच्यांनी सेवेत कसूर केली नव्हती. दिवसातून तीनदा पाण्यात पावडर ढवळून ते देत होते, आणि तिनेच पोट भरते म्हणून जेवण जवळजवळ बंद झाले होते. प्रथिनांचे प्रमाण कागदावर उत्तम होते. एकूण ऊर्जा गरजेच्या निम्मीही नव्हती. ती सारी महागडी प्रथिने सरपणासारखी जळत होती. पावडर आम्ही बंद केली नाही. ती जेवणानंतर, निम्म्या मापाने द्यायला लावली, जेवणात तेलतूप वाढवले, झिंकची आणि क जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढली. तीन आठवड्यांनी ड्रेसिंग बदलताना जखमेच्या तळाशी लालबुंद, दाणेदार मांस दिसले, आणि त्यांच्या पत्नीने ते पाहण्यासाठी चष्मा मागवून घेतला.

अशा रुग्णांना प्रथिने जास्तच लागतात, यात वाद नाही. निरोगी प्रौढाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. बेडसोअर असलेल्या कुपोषित किंवा कुपोषणाचा धोका असलेल्या रुग्णासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन १.२ ते १.५ ग्रॅमचे आहे, पण त्याच मार्गदर्शनात, त्याच दमात, किलोमागे ३० ते ३५ किलोकॅलरी ऊर्जाही सांगितलेली आहे. जेवण जात नाही, चावता येत नाही, शस्त्रक्रियेनंतर थोडेच खाता येते, अशा अनेकांना आपली पावडर खरोखर उपयोगी पडते आणि मी स्वतः ती लिहून देते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागते. आणि जो माणूस दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ उपाशी आहे, त्याला कोणताही आहार एकदम भरपूर देणे जिवावर बेतू शकते : रक्तात इन्सुलिन वाढते, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढले जाते, आणि हृदय बंद पडण्याची वेळ येते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. त्यासाठी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आधी द्यावे लागते आणि आहार पायरीपायरीने वाढवावा लागतो.

‘आमचे उत्पादन निरोगी लोकांसाठी आहे, रुग्णांसाठी नाही,’ हे उत्तर मला उत्पादकांकडून पूर्वी मिळालेले आहे. ते खरे मानले तर डब्यावर तसे स्पष्ट लिहिण्यात अडचण कोणती? ‘झीज भरून काढते’ या शब्दांकडे कोण ओढला जाईल? ज्याची झीज झाली आहे तोच. ज्याची कातडी धड आहे तो हे शब्द वाचून पुढे जातो. ज्याच्या घरात कुणाची कातडी सुटते आहे तो थांबतो आणि डबा घेऊन जातो.

इशारा छापायला लावण्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वजन घटवण्यासाठी द्रवरूप प्रथिनांवर राहण्याची लाट आली. त्यांतली बरीचशी उत्पादने कोलाजेनपासून बनवलेली होती, ज्यात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतेच. ऊर्जा अत्यल्प, प्रथिने अपुऱ्या दर्जाची. कित्येक जण हृदयाचे ठोके बिघडून दगावले. त्यानंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला : ज्या उत्पादनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा प्रथिनांतून येते आणि जे वजन घटवण्यासाठी विकले जाते, त्यावर गंभीर आजाराचा आणि मृत्यूचा धोका सांगणारा इशारा असलाच पाहिजे, आणि ते अर्भके, मुले, गरोदर व स्तनदा स्त्रिया यांच्यासाठी नाही असेही लिहिलेच पाहिजे. तो नियम वजन घटवू पाहणाऱ्यांसाठी होता. ज्यांचे वजन उपासमारीने आधीच घटले आहे, त्यांना असे संरक्षण आजही नाही, आणि त्यातच कोलाजेनच्या पावडरी आज त्वचेच्याच नावाने खपतात.

नियामकांकडे माझी मागणी अशी आहे, की निम्म्याहून अधिक ऊर्जा प्रथिनांतून देणाऱ्या प्रत्येक उत्पादनाला, ते कशासाठीही विकले जात असो, इशारा सक्तीचा करावा, आणि तो पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत न देता दाव्याच्या शेजारी, दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत असावा. प्रथिनांच्या नावे त्वचेचा दावा बंद करावा. उत्पादनात झिंक किंवा क जीवनसत्त्व अर्थपूर्ण प्रमाणात असेल तर दावा त्यांच्या नावे करावा. फक्त कोलाजेन असलेल्या पावडरींवर ‘हे संपूर्ण प्रथिन नाही’ असे लिहिणे बंधनकारक करावे. उत्पादकांना माझी विनंती आहे, की नियमाची वाट पाहू नये. ऊर्जेतला प्रथिनांचा वाटा टक्केवारीत दर्शनी भागावर द्या. चमच्याचे माप देताना ते किती वजनाच्या माणसासाठी आहे तेही द्या. आणि सूज, सुटणारी कातडी किंवा दीर्घ उपासमार यांचा उल्लेख नाव घेऊन करा, कारण ‘वैद्यकीय सल्ला घ्यावा’ एवढे मोघम वाक्य कुणी आपल्या घरच्या बाळाशी जोडून पाहत नाही.

मजकूर सोप्या भाषेत कसा लिहायचा, असा प्रश्न येईल. मी माझ्या वॉर्डातल्या सात आयांना आणि दोन आज्यांना पुन्हा पुन्हा वाचून दाखवून, त्यांना कळेना ते शब्द बदलत बदलत एक मसुदा तयार केला आहे. आपण तो जसाच्या तसा वापरावा; त्यावर माझा कोणताही हक्क मी सांगणार नाही :

‘ही पावडर जेवणाच्या ऐवजी घेऊ नका, जेवणाबरोबर घ्या. लहान मुलाच्या अंगावर सूज असेल, त्याची कातडी पोपड्यांसारखी सुटत असेल किंवा ते फार वाळले असेल, तर त्याला ही पावडर देऊ नका. आधी दवाखान्यात न्या. मूल दवाखान्यात असेल तर तिथे दिलेल्या दुधात काहीही मिसळू नका. उपचार सुरू झाल्यावर सूज उतरताना कातडी काही दिवस जास्त सुटते. घाबरू नका, नर्सला दाखवा. मोठ्या माणसाने बरेच दिवस नीट खाल्ले नसेल किंवा त्याला मूत्रपिंडाचा आजार असेल, तर किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठरवा.’

आपली विश्वासू,
कुपोषित मुलांच्या वॉर्डातली एक आहारतज्ज्ञ